तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहायचाय? आधी फोटोतली नावं गोळा करा

आमच्या तालमीत शिरलं की डाव्या हाताला मारुतीच्या तसबिरीखाली एक फोटो आहे. ब्लॅक अँड व्हाईट, एका कोपऱ्यात वाळवी लागलेली, तेरा जण, मागं सात उभे आणि पुढं सहा बसलेले, मधल्याच्या मांडीवर ढाल. लहानपणापासून तो फोटो बघतोय, पण तेरांपैकी चारच नावं मला सांगता यायची, वडिलांना सात-आठ, आणि पुढच्या रांगेत अगदी शेवटी बॉल धरून अनवाणी बसलेला जो बारका पोरगा आहे तो कोण हे तर तालमीत कुणालाच सांगता येईना. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की आपल्या फुटबॉल संघाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची, आणि काम माझ्याकडं आलं. मी लेखक नाही की इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण आता पुस्तिका झालीय आणि दुसऱ्या पेठांतली चार पोरं विचारायला आली की कसं केलंस, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्यात फुटबॉलचा क्लब म्हणजे बहुतेक वेळा तालीमच. तालीम मुळात कुस्तीची, लाल माती, हौदा, जोर-बैठका, शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो आसरा मिळाला, १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं, त्या वातावरणातल्या ह्या संस्था. त्याच तालमीत गणपती बसतो, मोहरमला पंजे बसतात, आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ उतरतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. दिवाळी झाली की शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग, मग चषकांच्या स्पर्धा, पावसाळ्याच्या आधी हंगाम बंद. हे सगळं हौशी पोरांच्या जिवावर चालतं, कुणी दुकानात कामाला, कुणी एमआयडीसीत, कुणी कॉलेजात, आणि संध्याकाळी पेठेसाठी मैदानात. म्हणून इथल्या संघाचा इतिहास हा पेठेचाच इतिहास असतो, आणि तो कागदावर फार कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त आहे. माणसं जायच्या आधी तो काढून घ्यायचा, एवढंच आपलं काम. तुमचा क्लब मुंबईच्या चाळीतला असेल, नागपूरचा असेल नाहीतर गोव्यातल्या वाड्यावरचा, पद्धत थोडीफार हीच चालेल.

पहिलं काम, स्थापनेच्या सालावरनं भांडण लावून घेऊ नका. आमच्यात पहिल्याच मीटिंगला एक तास ह्यातच गेला. खरं म्हणजे साल एक नसतंच, तीन-चार असतात. तालीम कधी सुरू झाली ते एक, तालमीच्या पोरांनी एकत्र येऊन फुटबॉल खेळायला कधी सुरुवात केली ते दुसरं, संघ म्हणून असोसिएशनकडं नोंद कधी झाली ते तिसरं, आणि मंडळाचं सरकारी रजिस्ट्रेशन कधी झालं ते चौथं. बोर्डावर जे स्थापना साल रंगवलेलं असतं ते ह्यातलं कुठलं तरी एक असतं आणि पेंटरला ज्यानं सांगितलं त्याला जे आठवलं ते असतं. वहीत चार ओळी करा, चार सालं वेगवेगळी लिहा, आणि प्रत्येकासमोर हे कशावरनं कळलं ते लिहा. काहीच पुरावा नसेल तर 'जुनी मंडळी सांगतात' असं सरळ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आता माणसं. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ देऊन केला आणि तुम्हीपण तसंच करा, कागद कुठं पळून जात नाहीत, माणसं जातात. यादी करताना वयानं सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करा, ज्याला सगळं आठवतं असं लोक म्हणतात त्याच्यापासून नको. जो सगळ्यांना सांगत असतो त्याच्या गोष्टी आधीच पेठेला पाठ असतात, आणि दुसरी मंडळी पण नकळत त्याच्याच गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगायला लागतात. गप्प बसणारा जो फुल बॅक असतो ना, त्याच्याकडं जा.

भेटायला जाताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी विचारून, 'आबा, रेकॉर्ड करतोय, चालेल का, पुस्तकात छापणार आहे' असं स्पष्ट सांगून. सकाळी दहा-साडेदहाची वेळ बरी, जेवणानंतर माणूस सुस्तावतो. सोबत फोटो न्या, फोटो नसेल तर जुनी जर्सी, ढाल, काहीही हातात धरण्यासारखं. आणि 'तालमीचा इतिहास सांगा' असं चुकूनही म्हणू नका! असं म्हटलं की माणूस ताठ बसतो आणि भाषण सुरू करतो, 'आमच्या काळी शिस्त होती' वगैरे, अर्धा तास जातो आणि हाताला काही लागत नाही. बारकं विचारायचं. बॉल कुणाकडं असायचा? फुगवायचं कोण? जर्सी धुवायचं कोण, कुणाच्या घरात? मॅचच्या दिवशी काय खाऊन जायचा? बूट पहिल्यांदा कधी घातले, कुठनं आणले, कितीला? हरल्यावर तालमीत परत यायचा की परस्पर घरी जायचा? एका तात्यांना मी फक्त एवढंच विचारलं की बॉल ठेवायचा कुठं, तर ते चाळीस मिनिटं बोलले, चामड्याचा बॉल, आत ब्लॅडर, वरनं वादी आवळायची, पावसात भिजला की दगडासारखा जड, हेडिंग केलं आणि वादी कपाळावर बसली तर वळ उठायचा, मग तो बॉल वाळवून त्याला तेल लावून तालमीतल्या खुंटीला जाळीत टांगायचा कारण खाली ठेवला तर उंदीर कुरतडायचे. बोलता बोलता त्यातनंच मॅचा निघाल्या, नावं निघाली, कोण कुणाचा मेहुणा ते पण निघालं.

एकेकट्याला भेटून झालं की दोघा-तिघांना एकत्र बसवा. एक चुकला की दुसरा लगेच म्हणतो, 'न्हाई लका, त्या मॅचला तू न्हवतासच, तुझा पाय मोडलेला', आणि मग खरी गोष्ट बाहेर पडते. दोन्ही पाहिजे, आधी एकटं आणि मग एकत्र, उलटं केलं तर जो मोठ्यानं बोलतो त्याचंच ऐकायला मिळतं.

घरातल्या बायकांना विसरू नका, हे मी आधी विसरलो होतो. खेळाडू वारला असला तर त्याची बायको, बहीण, मुलगी असते, आणि त्यांना मॅचचा स्कोअर माहीत नसेल पण कुठल्या साली, कुणाच्या लग्नाच्या आधी, कुठलं पोर पोटात असताना हे सगळं माहीत असतं. साल पक्कं करायला ह्याच्यासारखा उपाय नाही. 'थोरलीच्या बारशाला हे प्लास्टर घालून बसले होते' म्हटल्यावर थोरलीचा जन्मदाखला बघायचा, झालं, मॅचचं साल हातात.

टोपणनावांची वेगळी वही करा. आमच्यात खेळाडूला खऱ्या नावानं कुणी हाक मारतच नाही. पेपरात एक नाव, तालमीत दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. एकाच माणसाचे मी सुरुवातीला तीन खेळाडू धरून बसलो होतो. म्हणून चार रकाने पाडा, टोपणनाव, पूर्ण नाव, घर कुठं होतं, आणि हे कुणी सांगितलं. टोपणनाव छापायच्या आधी मात्र त्या माणसाला नाहीतर घरच्यांना विचारा, काही नावं तालमीत गोड लागतात पण नातवाला पुस्तकात वाचायला आवडत नाहीत.

फोटोंचं काम हळू हातानं करायचं. कुणाच्या घरनं फोटो आणला तर त्याच दिवशी, शक्यतो त्यांच्याच घरात बसून, मोबाईलवर काढून घ्या. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोटो सपाट ठेवून बरोबर वरनं. पुस्तिकेसाठी नंतर स्कॅन लागतोच, तो ६०० डीपीआयवर करा, पण तेव्हा स्वतः शेजारी थांबा. आमचा एक फोटो मी एका स्टुडिओत ठेवून आलो आणि आठ दिवसांनी सापडत नाही म्हणाले, त्या घरच्यांना तोंड दाखवायला मला महिना लागला. नशिबानं मोबाईलवरची कॉपी होती. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोलायचा नाही, काचेसकटच स्कॅन करायचा. फोटोच्या मागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नको, पुढं उमटतं. आणि फोटोच्या मागची बाजूपण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी लिहिलेली दोन नावं, बरंच काही मागंच असतं.

कोल्हापुरात पुराचं वेगळंच. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुरात नदीकडच्या घरांत अल्बम भिजले. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून काढू नका, स्वच्छ गार पाण्यात थोडा वेळ ठेवले तर बरेचसे आपोआप सुटतात, मग सावलीत पंख्याखाली, फोटोची बाजू वर करून वाळवायचे. उन्हात टाकले की वळतात. वाळून चिकटलेला गठ्ठा असेल तर हात लावू नका, जाणकाराला दाखवा.

नावं कशी लिहायची तर 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे आधी ठरवून टाका आणि सगळीकडं तेच ठेवा. फोटोची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर नंबर टाका, आणि ती झेरॉक्स घेऊन घरोघरी फिरा. आम्ही तेरांपैकी बारा नावं अशी दोन महिन्यांत मिळवली. राहिला तो तेरावा, बॉल धरलेला.

आता कागद. तालमीतलं कपाट आधी उघडा, पण तिथं बहुतेक शाली, नारळाच्या पिशव्या आणि मोडकी ढाल असते. खरे कागद माजी सेक्रेटरींच्या आणि खजिनदारांच्या घरी माळ्यावर असतात. मीटिंगचं प्रोसिडिंग बुक, जमाखर्चाच्या वह्या, गणेशोत्सवाचे अहवाल आणि पावती पुस्तकं, स्पर्धेची निमंत्रणं, मिळतील तेवढे गोळा करा. जमाखर्चाची वही दिसायला रुक्ष असते पण माझ्या मते तीच सगळ्यात खरं बोलते, कारण खजिनदारानं ती कुणाला इम्प्रेस करायला लिहिलेली नसते. आमच्या एका वहीत दर पंधरा-वीस दिवसांनी एक नोंद, 'सायकल दुकान, ब्लॅडर पंक्चर', पुढं चार आणे, आठ आणे. तेव्हा मी ती नुसती उतरवून घेतली, अर्थ नंतर लागला.

मंडळ रजिस्टर असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा, हे बऱ्याच जणांना सुचतच नाही. आपली मंडळं साधारणपणे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असतात. तुमच्या मंडळाच्या लेटरहेडवर किंवा पावतीवर बारीक अक्षरात रजिस्टर नंबर असतो, तो घेऊन रीतसर अर्ज करून फाईलमधल्या कागदांच्या नकला मागायच्या. मंडळाची घटना म्हणजे नियमावली, पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ता, सह्या. आणि कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, त्यात जुनी कमिटी आणि नवी कमिटी दोन्ही नावानिशी असतात, म्हणजे पदाधिकाऱ्यांची यादी आयती मिळाली. फक्त एक लक्षात ठेवा, कागदावर कमिटी बदलली ती तारीख आणि प्रत्यक्षात बदलली ती तारीख यात कधी कधी काही वर्षांचं अंतर असतं, लोक उशिरा रिपोर्ट टाकतात. फाईल मिळायला हेलपाटे पडतील, डबा घेऊन जा.

मग पेपर. कोल्हापूरला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालची संस्था, तिथं चौकशी करा, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात करा, आणि पेपरच्या ऑफिसात रीतसर पत्र देऊन जुन्या फाईली बघायला मिळतात का विचारा. पुढारी १९३९ पासून दैनिक म्हणून निघतोय, म्हणजे किती मोठा साठा असेल बघा. पण 'आमच्या क्लबचं काय असेल ते दाखवा' म्हणून गेलात तर काही मिळणार नाही, हंगामाचे महिने धरून जा, नाहीतर ज्या फायनलबद्दल म्हातारे बोलतायत तिचा साधारण महिना धरून. एका दिवसात डोळे शिणतात, दोन-तीन महिन्यांच्या फाईली खूप झाल्या. बातमी दिसली की पूर्ण पानाचा फोटो काढा, नुसत्या बातमीचा नको, वरची तारीख राहून जाते आणि घरी आल्यावर कळत नाही की हे कुठलं साल.

पेपरमधल्या बातमीतपण चुका असतात. नुसती आडनावं असतात, आणि एका संघात तीन पाटील आणि दोन जाधव असले की गोल कुणी मारला? इथं पुन्हा म्हाताऱ्यांकडं जायचं, बातमी वाचून दाखवायची. सामनावीर कोण, लढवय्या खेळाडू कोण, हे वाचलं की त्यांना पुढचं आपोआप आठवतं. दोन पेपरांत दोन स्कोअर असतील तर दोन्ही लिहा आणि कुठल्या पेपरात कुठला ते लिहा.

संस्थान काळातलं काही शोधायचं असेल तर कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आधीचे दरबारी कागद पुराभिलेखागारात, आणि त्यात मोडी येणारा माणूस सोबत लागतो. तारखा फसली (जुनी महसुली कालगणना) किंवा शक सनात असतील. शक सनात ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची तारीख असेल तर ७९. फसलीत ५९०, आणि जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंतची असेल तर ५९१. आम्हाला तिथपर्यंत जायची गरज पडली नाही, तुमची तालीम जुनी असेल तर जा.

आता सगळ्यात मजेचा भाग, निदान मला तरी ह्यात रात्र रात्र झोप लागली नाही, तो म्हणजे पडताळणी. आठवण खरी असते पण साल चुकीचं असतं, हे शंभरदा होतं. काही खुणा धरून ठेवा. कोल्हापूरची महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली, त्याच्या आधी नगरपालिका होती आणि नगराध्यक्ष होते. म्हणजे कुणी म्हणालं की १९६८ ला महापौर चषक मारला, तर एकतर साल चुकतंय नाहीतर चषक दुसरा आहे. सर्टिफिकेटवर 'नगरपालिका' छापलंय का 'महानगरपालिका', एवढ्यावरनं निम्मं काम होतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून लेटरहेडवर सहा आकडी पिन असेल तर तो कागद त्याच्या नंतरचाच. 'मुंबई राज्य' लिहिलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचा, किंवा जुनं छापील लेटरहेड पुढं वापरलेलं, हेपण होतं, काटकसरीची मंडळी होती.

खेळाच्या नियमांवरनंही कळतं. पिवळं आणि लाल कार्ड पहिल्यांदा १९७० च्या वर्ल्ड कपला आलं. टायब्रेकरची पेनल्टी पण नियमात १९७० लाच आली. त्यामुळं एका आजोबांनी सांगितलं की १९६२ ला मला रेड कार्ड दाखवलं, तेव्हा मी त्यांना खोटं ठरवलं नाही, ते खोटं बोलतच नव्हते, रेफ्रीनं बाहेर काढलं होतं आणि आजच्या भाषेत ते रेड कार्ड म्हणाले. पुस्तिकेत मी 'मैदानाबाहेर काढलं' असं लिहिलं. फोटोतल्या बॉलवर काळे-पांढरे तुकडे असतील तर तो बॉल जगभर गाजला १९७० च्या वर्ल्ड कपनंतर, आपल्या पेठेत यायला अजून काही वर्षं धरा. अनवाणी पायांवरनं मात्र साल ठरवू नका. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बरेच खेळाडू बुटाशिवाय खेळले हे खरं, आणि १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडनं १०-१ हरल्यावर फेडरेशननं बूट सक्तीचे केले हेही खरं, पण तालमीतल्या पोरांना बूट घ्यायला पैसे कुठले, इथं त्याच्या नंतरही कितीतरी दिवस अनवाणी खेळ चालला असं आमच्या सगळ्या जुन्या खेळाडूंनी सांगितलं.

आणि ह्या पडताळणीतच तो तेरावा सापडला. झेरॉक्स घेऊन फिरताना मी एका आजींच्या घरी गेलो, खरं म्हणजे मागच्या रांगेतल्या एका बॅकबद्दल विचारायला, ते त्यांचे चुलतभाऊ. आजींनी चष्मा लावला, झेरॉक्स डोळ्याजवळ नेली आणि भलत्याच, बॉल धरलेल्या पोराच्या डोक्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या हा माझा भाऊ. मी म्हटलं, आजी, हे खेळायचे का? तर म्हणाल्या, 'न्हाई रे, त्यो कुठला खेळतोय, त्यो सायकलच्या दुकानात कामाला हुता, बॉल त्योच फुगवायचा, पंक्चर त्योच काढायचा, फोटोच्या दिवशी बॉल पोचवायला गेला आणि पोरांनी धरून बसवला.' घरी येऊन जमाखर्चाची वही काढली. ब्लॅडर पंक्चर, चार आणे. ब्लॅडर पंक्चर, आठ आणे. तीन वर्षं. एक आठवण आणि एक कागद, एकमेकांना न विचारता तेच सांगत होते! त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, घरच्यांनी सांगितलंय की पुस्तकात घाला पण नेटवर नको, आणि असं कुणी सांगितलं तर तुम्हीपण ऐका.

ह्यावरनं मी पुस्तिकेचा आराखडाच बदलला. आधी ठरलं होतं की अध्यक्षांचं मनोगत, मग माजी अध्यक्षांचे फोटो, मग जिंकलेल्या चषकांची यादी, मग खेळाडू. मी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की आधी माणसं, म्हणजे खेळलेले सगळे, राखीव बाकावर बसलेले सगळे, बॉल फुगवणारा, लिंबू कापून देणारा, मैदानावर फक्की मारणारा, आणि मग चषक. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा पेठापेठांत लोक टीव्हीसमोर बसलेले मी बघितलेत. त्याचं नाव राहणारच, सगळीकडं छापून आलंय. पण ज्या शेकडो पोरांनी सत्तर-ऐंशी वर्षं हा खेळ शहरात जिवंत ठेवला त्यांची नावं आपण नाही लिहिली तर दुसरं कोण लिहिणार? वाद झाला, दोन दिवस अबोला पण झाला, पण शेवटी मान्य केलं सगळ्यांनी.

भांडणांचं काय करायचं, हा प्रश्न येणारच. मैदानात राडे झाले, प्रेक्षकांची दगडफेक झाली, सामने बंद पडले, संघात फूट पडून अर्धी पोरं दुसऱ्या तालमीत गेली, असं प्रत्येक संघात कधी ना कधी झालेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे, लिहायचं. ते गाळलं तर मधलीच दोन-तीन वर्षं रिकामी दिसतात आणि वाचणाऱ्याला सगळंच खोटं वाटायला लागतं. पण कुणी पहिला दगड मारला, कुणी पैसे खाल्ले, असल्या गोष्टी नावानिशी लिहू नका, ऐकीव असतात आणि त्या माणसाची पोरंबाळं पेठेतच राहतात. काय झालं, त्यामुळं संघाचं काय झालं, परत कसे जमले, एवढं पुरे. समोरच्या पेठेच्या संघाबद्दल लिहिताना त्यांच्याही एका जुन्या खेळाडूला भेटा. मी भेटलो, भीत भीत गेलो, त्यांनी चहा पाजला आणि आमच्याच गोलकीपरची एक गोष्ट सांगितली जी आमच्यात कुणाला माहीत नव्हती.

लिहिताना साधं लिहा. 'देदीप्यमान परंपरा', 'नेत्रदीपक यश' असले शब्द आले की खोडा, त्यातनं काही कळत नाही. त्याऐवजी किती मिनिटाला गोल झाला, पास कुणाचा होता, कुठल्या गोलपोस्टकडं, ते लिहा. म्हातारे बोलले तसं त्यांच्याच भाषेत ठेवा, 'होता' ला 'हुता' म्हणाले असतील तर 'हुता' च, शुद्ध करायला जाऊ नका. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणी सांगितली ते लिहा.

छापायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. सगळ्या नावांची यादी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून तालमीच्या बोर्डावर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा, पंधरा दिवस ठेवा. आम्ही लावली तर पहिल्या चार दिवसांत एकोणीस दुरुस्त्या, आठ नवी नावं, आणि दोन जण ज्यांना आम्ही कैलासवासी लिहिलं होतं ते स्वतः येऊन सांगून गेले की आम्ही आहोत. हात जोडून माफी मागितली त्यांची. ही चूक छापून गेली असती तर!

छपाईचं थोडक्यात सांगतो. सोळा पानांचा एक फॉर्मा धरून पानं ठरवा, ६४ नाहीतर ८०, म्हणजे कागद वाया जात नाही. डीटीपीवाल्याला नावांची यादी टाईप करून द्या, हातानं लिहून नको. जाहिराती लागतातच, त्याशिवाय खर्च निघत नाही, पण त्या सगळ्या मागं घ्या, फोटोंच्या मध्ये नको, आणि हे जाहिरात घेतानाच सांगा. झाल्यावर एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरात, एक केएसएला, एक विद्यापीठात, फोटोतल्या प्रत्येक घरी एक, आणि सगळे स्कॅन, रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत, त्यातलं एक तरी घर पुराचं पाणी येत नाही अशा ठिकाणी.

आणि शेवटी आठ पानं कोरी सोडा, वर फक्त 'राहिलेलं' असं छापा. आमची तालमीतली प्रत टेबलावर दोरीनं बांधून ठेवलीय. मागच्या रविवारी बघितली तर पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी थरथरत्या अक्षरात लिहिलंय, 'फोटो क्रमांक १, मागील रांग, डावीकडून तिसरा, हा डाव्या पायानं खेळायचा, हे लिहायचं राहिलं.'